बी झाकायचं नसतं

१२ सप्टेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे सगळं घातलं असं धरून चाल. माझे गुडघे वाकत नाहीत आणि तुझ्यावरचा रागही अजून उतरलेला नाही, मग कागदावर खोटं कशाला? फोन केला असता, पण फोनवर तू 'बरं बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र अर्ध्यात ठेवता येत नाही. म्हणजे ठेवता येतं, पण मग पुढे काय लिहिलंय म्हणून तुझाच जीव खालीवर होतो. मी तुला ओळखते.

एकच विचारायचंय. आईचं शेवटी शेवटी जे झालं, ते तू कुणाला सांगितलंस का? तुझ्या घरात, शेजारी, कुणालाही? नीट आठवून सांग.

कारण ऐक. काल सकाळी शेड उघडली. परवाच मी पॉपीचं बी पेरलं होतं. तू या फुलांच्या धंद्याला नाक मुरडून गेलीस, म्हणून पुन्हा सांगते. हे बी म्हणजे नुसती धूळ. शेजारी कुणी शिंकलं तर अख्खा हंगाम उडून जाईल. ते बारीक कोरड्या वाळूत कालवायचं, दुमडलेल्या पुठ्ठ्यावरून बोटाने टिचक्या मारत ट्रेमध्ये सोडायचं, लाकडी ठोकळ्याने हलकं दाबायचं आणि तसंच ठेवायचं, उघडं. पाणी खालून पाजायचं. वर चिमूटभरसुद्धा माती घालायची नाही, कारण उजेड दिसला तरच ते उगवतं. आईने कान पिळून आपल्याला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

तर काल बघते तो कोपऱ्यातल्या एका ट्रेवर मातीचा थर. चांगला बोटभर, आणि वरून छान थापटलेला. कुणीतरी पांघरूण घालून गेल्यासारखा.

आईच्या वेळी तू इथे नव्हतीस, म्हणून तुला हे फक्त माझ्या तोंडून माहीत आहे. आईचं सुरू झालं ते नेमकं असंच. एक दिवस ती पेरलेल्या ट्रेवर ओंजळीने माती घालत बसली होती. मी ओरडले तर म्हणाली, "उघडी पडलीत गं लेकरं, गारठतील." जिने जन्मभर बी झाकलं म्हणून गड्यांना शिव्या घातल्या, ती ही बाई. पुढे काही वर्षांत ती मला ओळखेनाशी झाली. रोज सकाळी मला विचारायची, "बाई, तुम्ही फुलं न्यायला आलात का?" आणि मग भाव करायची. भाव मात्र शेवटपर्यंत चोख.

हे बाहेर कुणाला माहीत नाही. लोक वेड लागलं म्हणतील म्हणून आपण तेव्हा तोंड दाबून ठेवलं. मला माहीत, तुला माहीत, माझ्या मुलाला माहीत. आणि चिरंजीवांचं लग्न झालंय, म्हणजे सूनबाईंनाही माहीत असणार. ती हल्ली माझ्याबरोबर शेडमध्येच असते. मी तिला मांजर म्हणते, तोंडावरसुद्धा. पावलांचा आवाजच येत नाही तिच्या. वळून बघावं तर ही मागे उभी.

ताई, कुणीतरी मला मुद्दाम घाबरवतंय, आणि ते आईची गोष्ट माहीत असलेलं कुणीतरी आहे. म्हणून विचारते. लवकर लिही.

धाकटी


३ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघून बरं वाटलं, पण ते वाचेपर्यंतच. "मी कुणालाही सांगितलेलं नाही. तू एकदा डॉक्टरांना दाखवून ये." दोन वाक्यं, आणि त्यातलं दुसरं मी मागितलं नव्हतं. मी चोर कोण ते विचारते, तर तू माझीच झडती घ्यायला निघालीस.

तरी तुझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगते. मी रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेते. डॉक्टर आईला विचारायचे तेच सगळं. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत मागे या. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, आणि तिथे माझी गाडी अडते. पण गणितात ती शाळेतही अडायचीच, तू साक्षीदार आहेस. बाकी सगळं चोख येतं.

आता पुढचा प्रकार ऐक. बी छान उगवलंय, केसाएवढी हिरवी रोपं. आमची एक गिऱ्हाईक आहे, मोठमोठ्या हॉलची सजावट करते. तिला या वेळी फक्त पांढरी फुलं हवीत, कुंड्यांतही आणि कापायलाही. पॉपीची कळी उकलेपर्यंत आत कुठला रंग आहे ते देवालासुद्धा कळत नाही, म्हणून प्रत्येक ट्रेमध्ये रंगाच्या खुणेची काडी खोचलेली असते. तर परवा सगळ्याच ट्रेच्या काड्या गायब. शोधशोध शोधल्या. सापडल्या कुठे, तर चहाच्या रिकाम्या डब्यात, स्वच्छ धुऊन उभ्या करून ठेवलेल्या. हंगाम संपला की मी त्या अशाच धुऊन ठेवते, पण हंगाम आत्ता कुठे सुरू झालाय.

पांढऱ्यांच्या जागी केशरी निघाल्या तर ती बाई पुन्हा दारात उभी राहणार नाही. मी ट्रेकडे बघत उभी, आणि मांजर मागून येऊन म्हणते, "द्या इकडे, मी लावते परत." आणि पांढऱ्यांच्या भराभरा लावल्यासुद्धा, एकदाही न अडखळता. मी विचारलं, तुला कसं गं कळतंय? तर म्हणाली, मी प्रत्येक पांढऱ्या ट्रेखाली आधीच एक खडा ठेवून दिला होता.

आता तूच सांग. काड्या जाणार आहेत हे आधीपासून ठाऊक असल्याशिवाय कुणी असे खडे ठेवतं का?

चिरंजीवांना सांगितलं तर म्हणतो, आई, ती तुला जपते. जपते म्हणे. मला जपायला मी काय काचेचं भांडं आहे? सजावटवाली परवा आली होती. माझी नेहमीची चेष्टा करत होती, की तुमची उलटी गाठ दिसली की डोळे मिटून सांगते माल कुणाचा. मी डावखुरी, त्यामुळे जुडीची सुतळी माझ्या हातून उलटीच वळते. तर ती गेल्यावर बघते, मांजर कोपऱ्यात सुतळी घेऊन माझी गाठ मारायचा प्रयत्न करतेय. जमत नव्हती. पण शिकायचीच कशाला? शेड हवी, गिऱ्हाइकं हवीत, आता गाठही हवी. आणि मी तेवढी वेडी ठरायला हवी.

मी शेडच्या किल्ल्या कमरेला लावल्यात. तू मात्र डॉक्टरचं नाव काढू नकोस.

धाकटी


२१ नोव्हेंबर

ताई,

झालं एकदाचं. मी तिला पकडलं.

गेल्या वर्षीच्या झाडांची मुळं जगली होती, त्यांनाच आधी कळ्या आल्या. हीच तर या पॉपीची गंमत. नीट सांभाळली तर तेच मूळ पुन्हा पुन्हा फुटतं, दर वर्षी बीपासून सुरुवात नको. कळी आधी मान खाली घालून असते. मान सरळ झाली, फट पडून आतला रंग डोकावला, की त्याच सकाळी कापायची. आणि कापल्या कापल्या देठाचं टोक आचेवर धरायचं, चरचर होईपर्यंत. नाहीतर चीक गळून जातो आणि फूल बादलीतच माना टाकतं. त्यासाठी शेडमध्ये छोटी शेगडी आहे. गॅसची.

दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दुपारी जेवून परत गेले तर शेगडी पेटलेली. शेडमध्ये कुणी नाही. शेजारी जुड्या गुंडाळायच्या कागदांची चळत, आणि वरच्या कागदाची कड काळी पडून आत वळलेली. मी ओरडत राहिले, पण पुढे होऊन बटण फिरवायचं काही सुचेना. मांजर धावत आली आणि तिने बंद केली.

त्या संध्याकाळी मी दोघांना समोर बसवलं आणि सरळ विचारलं. शेगडी तू चालू ठेवलीस? चिरंजीव काहीतरी बोलायला लागले, तर तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"हो. माझ्याकडून झालं," ती म्हणाली.

मग मी म्हटलं, ट्रेवर माती? "तीही मीच." काड्या? "हो."

मुलगा तिच्याकडे आ वासून बघत राहिला. मीही बघत राहिले, पण मनातून इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आपलं डोकं ठिकाणावर आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं. मी म्हटलं, शेडमध्ये आता पाय ठेवायचा नाही. आठवड्याच्या आत दोघं भाड्याच्या खोल्यांत राहायला गेली. मुलगा रोज सकाळी गाडी घेऊन येतो, माल चढवतो आणि जातो. माझ्याशी बोलत नाही. बोलेल, जाईल कुठे?

मला शांत झोप लागतेय. तू मला डॉक्टरकडे पाठवत होतीस, विसरले नाही हं मी.

एकच गोष्ट जरा खटकते. तिचं लहानसहान थाप मारतानासुद्धा ततपप होतं. घरात साखर संपली तर ती माझ्यापासून लपवता येत नाही तिला. त्या संध्याकाळी मात्र ती अगदी सावकाश बोलत होती, एखाद्या मुलाला समजवावं तशी.

असो. तू बरी आहेस ना? दोन ओळी लिही.

धाकटी


१९ डिसेंबर

ताई,

हे पत्र वाचलंस की फाडून टाक. नको, ठेव. उद्या मी नाही म्हणाले तर मलाच दाखव.

एकटीने कामाचा उरक पडत नव्हता. रोपं कुंड्यांत हलवायची म्हणजे मातीच्या ढेपेसकट उचलायची. मुळाला धक्का लागला की पॉपी रुसते ती रुसतेच. कंबर मोडून गेली. तरी गेल्या सोमवारी मी दुसरी पेरणी केली, म्हणजे पहिली फुलं संपता संपता दुसरी सुरू होतील. आणि उगाच मनात पाल चुकचुकायला नको म्हणून रोज संध्याकाळी शेडच्या कडीला सुतळीने गाठ मारून ठेवत होते. माझी गाठ, उलटी. सकाळी सोडायची. वाटलं, तुला लिहीन की बघ, ती गेली आणि सगळं थांबलं. थांबलंच होतं.

आज सकाळी गाठ होती तशी होती. सोडली, आत गेले. नव्या पेरणीच्या दोन ट्रेवर माती. थापटलेली.

आधी माझ्या मनात काय आलं सांगू? तिला माझी गाठ जमली, हेच आलं. मी सुतळी उचलून उजेडात धरली. ताई, ती तिची नव्हती. टोक आत खुपसून वर एक जास्तीचा वेढा घ्यायची खोड, ती माझी. मला आईकडून आलेली. आपल्या घरात डावखुऱ्या दोघीच होत्या, आई आणि मी. खिडक्या आतून बंद होत्या. किल्ली माझ्या कमरेला.

मग मी माझे हात बघितले. नखांत माती होती. ती तर माझ्या नखांत बारा महिने असते. पण ही ओली होती.

बादली पालथी घालून तिच्यावर बसले. आठवून आठवून बघितलं. लोक म्हणतात, विसरलं की तिथे काहीतरी रिकामं रिकामं जाणवतं. मला काहीच जाणवत नाही गं. दार बांधलं, चहा केला, दूरदर्शनवरच्या बातम्या बघितल्या, झोपले, उठले, शेडकडे आले. कुठेही फट नाही. सगळं इतकं नीट सांधलेलं आहे की कुणी शपथेवर विचारलं असतं तर मी आईच्या पायावर हात ठेवून सांगितलं असतं, मी नाही केलं.

मला भीती वाटते. तुला कधी असं सरळ लिहिलं नव्हतं, आता लिहिते. मला खूप भीती वाटते. मरायची नाही. मला आईचा चेहरा आठवतो. ती मला फुलं न्यायला आलेली बाई समजायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळजीचं नाव नसायचं. सगळी काळजी माझ्या तोंडावर. पुढे काय काय होतं ते मला पायरी पायरीने पाठ आहे. आधी माती, मग शेगडी, मग घरचा रस्ता, मग नावं, मग तोंडं. इतकं कुणालाच माहीत नसावं.

आणि ती पोरगी हो म्हणाली. का म्हणाली असेल?

मी मातीला हात लावलेला नाही. ट्रे तसेच आहेत. तू काहीतरी लिही. काहीही.

धाकटी


६ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. कधी नव्हे ते दोन्ही बाजूंनी लिहिलंस. सावकाश उत्तर देते, आधी इकडचं सांगते.

मी तिच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर राहतात, जिना अंधारा, धापा टाकत चढले. दार उघडून ती मागे सरली आणि म्हणाली, "अहो आई, बसा. पाणी आणते." जणू मी भाजी घेऊन सहज डोकावलेय. चहा झाला. मुलगा घरी नव्हता ते बरं झालं.

मी म्हटलं, मला सगळं सांग, आणि आता मला जपू नकोस.

तर तिने पहिल्यांदा बघितलं ते गेल्या उन्हाळ्यात. मी कुंड्यांत बी टाकून वर माती लोटत होते आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते. तिला वाटलं, ही कुठली तरी नवी पद्धत असेल. तिने नवऱ्याला विचारलं, तेव्हा त्याने आजीची गोष्ट सांगितली आणि तोंड फिरवून रडला. तेव्हापासून ही माझ्या मागे मागे. मी झाकलेले ट्रे ती गुपचूप पुन्हा पेरायची. मला दिसला तो एक तिच्या नजरेतून सुटलेला. खडेही मी काड्या उपटेन या धास्तीनेच ठेवलेले. आणि पावलांचा आवाज येऊ नये म्हणून शेडमध्ये ती अनवाणी फिरायची, शेगडीवर लक्ष ठेवायला. त्या मंगळवारी माहेरून फोन आला, म्हणून ती जरा मागे राहिली होती.

मी विचारलं, मग तू हो का म्हणालीस?

ती कपाच्या कानाशी चाळा करत होती. म्हणाली, "तुम्ही फार घाबरला होता. तुम्हाला ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं हवं होतं. म्हटलं, मग मीच."

ताई, मी तिथे बसून रडले. पदराने तोंड झाकून, मोठ्याने. शेजारचं दार उघडलं आणि मिटलं. तिने मला समजावलं नाही, शेजारी येऊन बसली. मला माफी मागता येत नाही, तुला ठाऊकच आहे, तो गुण आपल्या दोघींतही सारखाच. मी एवढंच म्हटलं की पांढऱ्यांना कळ्या आल्यात, शेगडी कोण पेटवणार? तिने उठून चपला घातल्या.

डॉक्टरांनाही दाखवलं. तिनेच नेलं. नाव लांबलचक आहे, पण दुखणं आईचंच. गोळ्या दिल्यात, म्हणाले, सावकाश जाईल. किती सावकाश ते त्यांनाही माहीत नाही. शेगडीचा लायटर आणि शेडची किल्ली आता मांजराकडे असते. रात्री जाग आली की मी उशाशी हात घालून किल्ली चाचपते, नसते, मग आठवतं. अजून आठवतं.

आता तुझं. आई आजारी होती तेव्हा तू का आली नाहीस, यावर मी इतकी वर्षं दात खात राहिले. तू लिहिलंस की रजा नव्हती, मुलांच्या परीक्षा होत्या. ते सगळं खरं असेल. पण मला वेगळंच कळलंय. तू घाबरलीस. तुला वाटलं, तिला बघितलं तर स्वतःलाच बघितल्यासारखं होईल. आणि मी ऑक्टोबरमध्ये लिहिलेल्या शंभरातून सातबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. तूही रोज सकाळी करतेस ना गं? किती वर्षांपासून? बहात्तरच्या पुढे काय येतं ते एकदा मला सांग.

माझा राग उतरला. खरंच. लिहून ठेव कुठेतरी.

आता ये. फुलांचं कारण पाहिजे तर फुलं आहेत. पांढऱ्या सगळ्या पांढऱ्याच निघाल्या, त्या खड्यांची कृपा. कुंड्यांतल्या लाल अजून यायच्या आहेत, ताटलीएवढं फूल, पोटाशी काळा डाग. आईला आवडायच्या त्या. मी तुला ओळखतेय तोवर ये.

धाकटी


२७ सप्टेंबर

ताई,

हे अक्षर माझं नाही, मांजराचं आहे. माझ्या ओळी खाली घसरतात. मी सांगतेय, ती लिहितेय. मध्येच काही गाळलंस तर बघ, असं आत्ता तिला म्हटलं, तर हसली.

तू 'बघते, जमवते' असं तीनदा लिहिलंस. जमव बाई.

उन्हाळ्यात लाल पॉपी झोपल्या. त्यांचं असंच असतं, पानं वाळून कुंडी मोकळी दिसते आणि मूळ खाली घोरत पडतं. नवखं माणूस मेली म्हणून फेकून देतं. म्हणून हिने प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी लावली, 'झोपलीय, टाकू नका.' मी म्हटलं, एक माझ्याही पाठीवर लाव. परवा त्यांना नवे फुटवे आले, लव असलेले, खरखरीत.

पेरणी आता ही करते. टिचकी जरा जोरात मारते, पण शिकेल. मला तिने वेगळा ट्रे दिलाय. त्यात बी नसतं. तिला वाटतं मला कळत नाही. मला कळतं. मी त्यावर माती घालते, थापटते, हाताला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी ट्रे पुन्हा मोकळा करून ठेवलेला असतो.

भीती अजून वाटते, पण सकाळी जास्त. दुपारी कामात विसरते, तेवढा एक फायदा.

सजावटवालीला जुडी बांधून दिली परवा. गाठ माझीच होती, ती म्हणाली.

तू कधी येतेस?

धाकटी

मावशी, इथून पुढचं मी माझ्या मनाने लिहितेय. त्या बाहेर उन्हात बसल्यात.

वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं, एक शब्द गाळला नाही. हेच पत्र त्या मला रोज सांगतात, रोज नव्याने, आणि लिहून झालं की पोस्टात टाकायला पाठवतात. मी पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येते. हे एक मात्र खरंच टाकते.

गेल्या आठवड्यात मी ट्रे भरत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, आलीस होय?" त्यांचा चेहरा इतका फुलला होता की माझ्या तोंडून आपोआप गेलं, "हो, आले." तेव्हापासून रोज विचारतात आणि रोज मी हो म्हणते. त्यात मला काही जड जात नाही. पूर्वीही एकदा म्हटलं होतं.

पण काल त्यांनी माझा हात धरला, घट्ट, आणि विचारलं, "आई आजारी होती तेव्हा तू का आली नाहीस?" आणि उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, शेगडी बघून येते, आणि तिथून निघून गेले. आज सकाळी पुन्हा तेच विचारलं.

मावशी, याला मी काय सांगू? तुम्हीच येऊन सांगा.